दांडी खिळ्यावर होती

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक हल्ली गेटचं डिझाइन नंतर बघतं, आधी माझा हात बघतं. "दाखवा की वैनी," म्हणतं. मी दाखवते. डाव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूनं तिरका गेलेला व्रण आहे. बघून झालं की "कसं झालं?" आणि त्यानंतर "आमच्या मेव्हण्याचंबी असंच झाल्यालं." मग चहा गार होईपर्यंत मेव्हण्याची गोष्ट. इतक्यांदा सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. ज्याच्या हातात ग्राइंडर आहे त्यानं वाचावं, आणि जो हात बांधून घरात बसलाय त्यानंही वाचावं. मला कुणी सबुरी धर म्हटलं की डोकं फिरायचं, त्यामुळे ते मी तुम्हाला म्हणणार नाही.

आम्ही

रामनगरात रस्त्याला लागून आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि दुकानामागं घर. माझे यजमान परशराम वेल्डिंग करतात. मी लोखंड कापते आणि जोड घासून साफ करते. खानापूरकडून लग्न होऊन इथं आले तेव्हा माझं काम दुकानात चहा नेऊन द्यायचं होतं. पण चहा ठेवून परत फिरणं मला जमायचं नाही. आधी उभी राहून बघायची, मग पाइपचं दुसरं टोक धरायला लागले, आणि एकदा हे जेवायला गेलेले बघून मशिनच हातात घेतलं. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी हाय. खोटं नाही. बसून राहिलं की माझ्या अंगात मुंग्या फिरतात.

सुप्याच्या धरणापासून कुळगीपर्यंत आता जिकडे तिकडे होमस्टे झालेत. प्रत्येकाला गेट पाहिजे, रेलिंग पाहिजे, झाडावर चढायला जिना पाहिजे. काम भरपूर. बाई ग्राइंडर चालवते म्हणून सुरुवातीला लोक बघायला थांबायचे, पुढं त्यांना सवय झाली. सवय झाली नाही ती एका सासूला. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आत्ती दुकानात पाऊल टाकत नसे. मागच्या दारात उभी राहून हाक मारायची, "मंगल, ये गं भाईर, जेव दोन घास." ठिणग्या दिसल्या की पदर डोळ्यावर घ्यायची.

काकणं

तुळशीची लग्नं झाली आणि आमच्या नणंदेचं, रेणुकाचं, लग्न झालं. लग्नाआधी कासार घरी येऊन बसला आणि त्यानं माझ्या दोन्ही हातांत हिरवी काकणं भरली, अगदी गच्च. घरात सवाष्ण मी एकटीच. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, आत्तीचे हात रिकामे असतात. आमच्या घरची रीत अशी की नवी नवरी पहिल्यांदा माहेरी येऊन, ओटी भरून घेऊन परत जाईपर्यंत घरच्या सवाष्णीनं ही काकणं उतरवायची नाहीत. एखादं आपणहून वाढलं तर वाढलं. काकण फुटलं असं आम्ही तोंडानं म्हणत नाही.

रेणूचं येणं लांबत चाललं. तिच्या सासरी मळणी होती. इकडे गणेशगुडीच्या एका होमस्टेचं रेलिंग अडलं होतं आणि मालक रोज फोन करत होता. मी आत्तीला म्हटलं, "कामापुरती काढून ठेवू काय? परत घालते की."

"काढ," आत्ती म्हणाली. "आणि माझ्या लेकाला काय झालं म्हणजे मग माझ्याकडं बघ."

काकणं हातातच राहिली.

ज्यांनी ग्राइंडर हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. मशिनचं अंग उजव्या हातानं धरायचं असतं. डाव्या हातासाठी बाजूला एक आडवी दांडी असते, आटे फिरवून बसवायची. ती धरली की माझी काकणं मशिनवर खणाखणा आपटायची. वर सरकवून रुमाल बांधला, तर दोन काप होईतोवर रुमाल सुटून काकणं परत मनगटावर. शेवटी वैतागून मी दांडीच काढली, तिला तार गुंडाळली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. एका हातात मशिन, दुसऱ्या हातानं पाइप दाबून धरायचा. काम भराभर व्हायला लागलं.

"दांडी कुठाय?" यजमानांनी विचारलं.

"खिळ्यावर."

"बरं," म्हणाले आणि वेल्डिंगची काच डोळ्यावर ओढली.

काकणं काढता येत नव्हती, म्हणून मी दांडी काढली. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

आवाज बदलला

सकाळची वेळ होती. यजमान मोटरसायकलनं कुळगीकडं एका गेटचं माप घ्यायला गेले होते. मी एक लांब चौकोनी पाइप दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवला, एक ठोकळा या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधोमध कापायला घेतला. गडबडीत होते. शिकंजा दोन हातांवर होता, पण त्यात पाइप आवळायलाही वेळ लागतो ना.

दोन्ही टोकं टेकलेली असली आणि मध्ये कापत गेलं, की काप खाली पोचता पोचता पाइप मध्येच वाकतो. काप वरून मिटतो आणि फिरती चकती त्याच्या चिमटीत सापडते. चकतीला फिरायला जागा नाही, मग फिरतं सगळं मशिन. ते उसळून मागं येतं, म्हणजे धरणाऱ्याकडं. हे मला आता कळतं. त्या वेळी फक्त एवढं कळलं की माझ्या उजव्या हातातलं जनावर हिसका देऊन सुटलं. एकटा उजवा हात त्याला पुरला नाही. डावा हात पाइपवर होता, अगदी त्याच्या वाटेत.

दुखलं नाही. आधी काच सांडल्याचा आवाज आला. मशिन फरशीवर गरागरा फिरत होतं, कारण बटण मी लॉक करून ठेवलं होतं. मी चालत भिंतीपाशी गेले, वीज बंद केली, आणि मग हाताकडे बघितलं. जे दिसलं ते लिहीत नाही. मनात पहिलं काय आलं ते लिहिते, कारण त्याची मला अजून चीड येते. मनात आलं, काकणं वाढली, आता आत्ती बोलणार.

समोरचा पंक्चरवाला बाबूसाब पळत आला. ग्राइंडरचा आवाज रोज ऐकून त्याला पाठ झालाय, तो बदलला म्हणून आलो असं नंतर म्हणाला. त्यानं आपला टॉवेल माझ्या हाताला करकचून बांधला आणि हात धरून डोक्याच्या वर नेला.

"असाच वर ठेवा वैनी. खाली सोडू नका. पांडुरंगाचं नाव घ्या, अल्लाचं मी घेतो."

आवाज ऐकून आत्ती पहिल्यांदाच दुकानात शिरली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती फरशीवरच्या हिरव्या काचांकडं बघत होती. "काकणं," म्हणाली. "काकणं गं." एवढंच. बाबूसाबच्या पिकअपमध्ये चढताना, रक्त कोपरावरून गळत असताना, मी तेच ऐकलं. ते मनात रुतून बसलं, काचेच्या तुकड्यांपेक्षा खोल.

अंगठा

बेळगावपर्यंतचा रस्ता मी तुम्हाला सांगायला नको. खानापूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी बाबूसाबला शिव्या दिल्या आणि तो "व्हय व्हय" म्हणत गाडी हाकत राहिला.

हॉस्पिटलात तरणा डॉक्टर आला. टॉवेल सोडून, धुऊन वगैरे झाल्यावर म्हणाला, "हेब्बेरळु मेले एत्तरी." मग मराठीत, "अंगठा वर उचला बघू."

मी उचलला.

"उचला."

"उचललाय की," मी म्हटलं. मला खरंच उचलल्यासारखा वाटत होता. मान वळवून बघितलं तर अंगठा तळव्याशेजारी तसाच पडलेला. माझा होता, नखाला लग्नातली मेंदी होती, पण माझं ऐकत नव्हता. मी पुन्हा सगळा जोर लावला. कपाळाला घाम आला, अंगठ्याला काही आलं नाही.

मी तोवर रडले नव्हते. तेव्हा रडले.

डॉक्टर समजुतीनं बोलला. अंगठा वर ओढणारी दोरी असते, ती तुटलीय, आणि तुटल्यावर तिचं टोक आत सरकून जातं. परकराची नाडी नेफ्यात जाते तशी, हे मी मनात म्हटलं. ती शोधून शिवायची. "शिवल्यावर उचलेल?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचा उचलतो. तुमचा किती उचलेल ते आज सांगता येणार नाही."

मला सरळ उत्तर पाहिजे होतं. लोखंड कापलं की ते कापलं, जोडलं की जोडलं. हे "किती" मला नवीन होतं. पुढचे कित्येक आठवडे मी त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले. अंगठा उघडल्याशिवाय दांडीभोवती हात जात नाही, आणि दांडीभोवती हात गेला नाही तर मला कुणी मशिनला हात लावू देणार नाही. मग मी परत चहा नेऊन द्यायची.

ट्रॅफिक पोलीस

ऑपरेशनच्या आधी नर्सनं दोन्ही हातांतली उरलेली काकणं कापून काढली. उजव्या हातातली तरी राहू दे म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, "नियम आहे अक्का," आणि कटकट कापून टाकली. दोन्ही हात इतके हलके झाले की मला माझेच वाटेनात.

ऑपरेशननंतर कोपरापर्यंत पट्टी. हात उंच ठेवायचा, खाली सोडला की ठणका. बरं, झोपून तरी राहायचं, तर तेही नाही. मी हात वर धरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. नर्सेसनी माझं नाव ट्रॅफिक पोलीस ठेवलं. शेजारच्या खाटेवर खुबा मोडलेली गंगव्वा नावाची म्हातारी होती. तिला जागचं हलता येत नव्हतं आणि मला बसता येत नव्हतं. "तू पडलीस तर मला झोप लागेल गं बाई," ती म्हणायची. "तुझ्याकडं बघून माझे पाय दुखतात." मग मी तिच्यासाठी थोडी पडायची. दुपारी जेवण आलं की ती माझी चपाती कुस्करून आमटीत भिजवून द्यायची, कारण मला एका हातानं ती मोडता यायची नाही. मी तिच्या पाठीला उशी लावून द्यायची. आमच्या दोघींत मिळून एक धड बाई होती.

यजमान रोज यायचे आणि खाटेच्या दांड्याला धरून उभे राहायचे. एकदा म्हणाले, "दांडी खिळ्यावर दिसली तवा मी एक शब्द बोलायला पायजे हुता." मी म्हटलं, "बोलला असता तर मी ऐकलं असतं काय?" त्यांनी मान हलवली. नवरा-बायकोत एवढं खरं बोलणं क्वचित होतं.

आत्ती एकदाच आली. येताना नव्या तांदळाची पेज घेऊन आली, गंगव्वालाही दिली. माझ्या दोन्ही मोकळ्या हातांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. अंगठ्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. जाताना फक्त म्हणाली, "काकणांनी हात वाचवला. घाव त्यांनी खाल्ला."

"काकणांनीच घात केला," मी म्हटलं. आवाज चढला होता.

डॉक्टर नेमका त्या वेळी आत आला. आम्ही दोघींनी त्याच्याकडं बघितलं. "काचा वेचताना माझी मान अवघडली, मला एवढंच माहीत," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं निघून गेला.

घरी

एका हातानं काय काय होत नाही याची गंमत घरी आल्यावर कळते. भाकरी थापता येत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही. केस बांधता येत नाहीत. परकराची नाडी यजमान बांधायचे. तारा बांधणारा माणूस, त्यानं अशी गाठ मारली की संध्याकाळी ती कात्रीनं कापावी लागली. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यानंतरचं ते पहिलं हसणं.

वेणी आत्ती घालायची. बोलायची नाही, पण फणी अशी ओढायची की त्यात सगळं बोलणं यायचं.

दुकानात अळणावरचा इराप्पा नावाचा माणूस कापायला ठेवला होता. तिकडे ग्राइंडर सुरू झाला की मला घरात बसवायचं नाही. मी उठून मागं फणसाखाली जायची. आवाज बंद झाला की परत दुकानाच्या दाराशी. काय चाललंय ते बघवत नव्हतं आणि न बघता राहवतही नव्हतं. फणस ते दार, दार ते फणस. गवतात पायवाट पडली माझी. हातावर प्लॅस्टिकची पट्टी, अंगठा वर धरून बांधलेला. डॉक्टरनं बजावलं होतं, शिवण पक्की होईतोवर तो वाकवायचा नाही. काही करायचं नाही हेच करायचं होतं. लोखंड उचलणं मला त्याहून सोपं गेलं असतं.

एकदा जेवताना यजमान म्हणाले, "आता तू पुढं खुर्चीत बस. गिऱ्हाईक बघ. मशिन न्हाई."

"कोण ठरवलं?"

"मी."

"माझा हात, आणि ठरवणार तुम्ही?"

"मी ती फरशी धुतलोय मंगल," ते म्हणाले. ताट तसंच ठेवून उठले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम. मग त्यांचं ताट झाकून ठेवलं.

इराप्पा

पट्टी निघाली तेव्हा मला वाटलं होतं, पिंजऱ्यातून पाखरू सुटावं तसा अंगठा उडेल. तो लाकडासारखा ताठ. वाकेना नीट, आणि वर तर मुळीच जाईना. दांडेलीला व्यायाम शिकवणारी मुलगी होती, तिच्याकडं जायला सुरुवात झाली. तळहात टेबलावर ठेवायचा आणि अंगठा उचलायचा. तेवढंच. मी दात-ओठ खाऊन उचलायची, खांदा वर जायचा, भुवया वर जायच्या, अंगठा सोडून सगळं वर जायचं.

त्याच दिवसांत मी दाराशी उभी होते आणि इराप्पाला बघितलं. पाइप दोन ठोकळ्यांवर, टोकं टेकलेली. एका हातात मशिन. चकतीवरचं गार्डही फिरवून मागं केलेलं, दिसायला सोपं जातं म्हणून. तोंड बरोबर चकतीच्या रेषेत. आणि माझी दांडी भिंतीवर खिळ्याला लटकत होती, मी अडकवली होती तशीच. कुणालाच ती काढावीशी वाटली नव्हती.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. इराप्पानं घाबरून बटण सोडलं.

"काय झालं अक्का?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ," म्हणून मी हात त्याच्या नाकासमोर धरला. आणि मग थांबताच येईना मला. पाइप शिकंज्यात आवळ, कापून पडणारं टोक मोकळं लोंबू दे, म्हणजे काप मिटणार नाही, उघडेल. गार्ड चकतीच्या आणि तुझ्या मध्ये पाहिजे. चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, अंग बाजूला. चकती अडकली तर हिसकू नको, बटण सोड आणि थांबू दे. थांबल्याशिवाय खाली ठेवू नको. चीर गेलेली चकती फेकून दे, मशिनच्या वेगाला न चालणारी लावूच नको. ढिली बाही नको, गळ्यात टॉवेल नको, डोळ्याला चष्मा लाव. आणि दोन हात. दोन हात. दोन हात.

यजमान वेल्डिंग थांबवून ऐकत होते.

मी दांडी खिळ्यावरून काढली आणि बसवायला गेले. उजव्या हातात मशिन घेतलं, डाव्यानं दांडी फिरवायची. पण दांडीभोवती अंगठाच जाईना. उघडल्याशिवाय मिटणार कसा? दांडी सुटून फरशीवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. शेवटी इराप्पा म्हणाला, "द्या अक्का," आणि त्यानं ती बसवली.

मी फणसाखाली गेले. त्या दिवशी परत आलेच नाही दाराशी.

गणेशगुडी

दांडेलीची बस जोयड्यावरून, गणेशगुडीवरून जाते. मी एकटीच जायची, यजमानांना दुकान होतं. बसमध्ये बसून राहावं लागतं म्हणून मला बसचाही राग. त्या दिवशी गणेशगुडीला बस हळू झाली आणि रस्त्यालगतच्या त्या होमस्टेचं रेलिंग दिसलं, माझ्या हातून सुटलेलं. इराप्पानं पुरं केलं होतं. जोड नीट घासलेले नव्हते. लोक म्हणतात बसमधून ते दिसणार नाही. मला दिसलं. कोपऱ्यात फुगीर राहिलेलं, वर तसाच रंग मारलेला. पोरं हात फिरवतील तिथं, खरचटेल.

"अरे, हे काय घासणं झालं!" मी मोठ्यानं म्हटलं आणि हात दाखवायला उचलला. डावा हात. आणि अंगठा हलला.

शेंगदाण्याएवढा. वर. मी खाली घेतला आणि पुन्हा उचलला. पुन्हा गेला. शेजारी मिरच्यांची पिशवी घेऊन बसलेल्या बाईला मी दंड धरून सांगितलं, "अंगठा उचलला माझा!"

तिनं अंगठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि पिशवी जवळ ओढून घेतली.

व्यायामवाली मुलगी मात्र टाळ्या वाजवून हसली. घरी येऊन यजमानांना दाखवला तेव्हा ते तिथंच खाली बसले.

उळवी

आत्तीनं उळवीच्या देवाला नवस बोलला होता, हे मला जत्रेला निघताना कळलं. कशासाठी ते विचारलं नाही. लेकासाठीच असणार, असं मी धरून चालले.

जत्रेत बैलगाड्या, धूळ, खोबऱ्याचा वास. दर्शन झालं आणि आत्तीनं मला हाताला धरून काकणांच्या दुकानापुढं बसवलं. यजमान गर्दीत मागं राहिले होते. "भर हिला," ती कासाराला म्हणाली.

मी हात मागं घेतला. "नको आत्ती. मला मशिनवर जायचंय. अंगठा आता उघडतोय. काकणं घालून मी परत दांडी काढणार न्हाई."

कासार आमच्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं आता भांडण. मी भांडायला तयारच होते, इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. "त्या दिवशी मी रक्तानं भरले होते," मी म्हटलं, "आणि तुम्ही काचा बघत होता."

आत्ती माझ्या शेजारी धुळीतच बसली. तिनं आपले रिकामे हात मांडीवर ठेवले.

"परशा गाडीवर हुता, कुळगीच्या रस्त्याला," ती म्हणाली. "फरशीवर काचा दिसल्या, तशाच, परशाचा बाप गेला तवा माझ्या पडलेल्या. मला पुढं काय दिसलंच न्हाई गं. तू गेलीस तवा मी दारात उभी ऱ्हायलो, तो येईपतोर. तो आला धड. मग मला आठवलं, हात तुझा गेलाय. मग तुझ्याकडं बघायला तोंड न्हवतं मला."

इतके दिवस मी जो राग घेऊन फिरत होते, तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

"नवस तुझ्या अंगठ्याचा हुता," ती म्हणाली. "उचल बघू."

मी उचलला. पूर्ण जात नाही, अजूनही जात नाही. पण दांडीभोवती जाईल एवढा जातो. तिनं तो आपल्या दोन बोटांत धरून बघितला, फणस पिकलाय का ते दाबून बघावं तसा.

"भर," ती कासाराला म्हणाली. आणि मला, "कामाला जाताना काढून ठेव. खाली नको ठेवू, खिळ्याला लाव."

"आणि ह्यांना काय झालं तर?"

"त्याला काय हुतंय," आत्ती म्हणाली. "दांडी काढली तर तुला हुतंय."

खिळा

यजमानांनी खुर्चीचा विषय परत काढला नाही. पहिल्या दिवशी मी मशिन हातात घेतलं. दांडीभोवती अंगठा नेला, फिरवून आवळली, पाइप शिकंज्यात घट्ट केला. बटण दाबायला मात्र वेळ लागला. यजमान शेजारी उभे होते, हात मागं बांधून, म्हणजे मध्ये येऊ नयेत म्हणून. एक काप घेतला, चकती थांबू दिली, मशिन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन ओकले. परत आले, दुसरा घेतला. भीती गेली असं मी सांगणार नाही. ती असते. ती असलेली बरी, ती दोन्ही हात दांडीवर ठेवते.

थंडी पडली की व्रण ओढतो. भाकरी अजून जरा वाकडी होते. इराप्पा आमच्याकडंच आहे, मला बघितलं की गार्ड पुढं फिरवतो.

आणि आत्ती आता रोज दुकानात येते. ठिणग्यांना घाबरते, पदर डोळ्यावर घेतेच. पण पदराआडून आधी भिंतीकडं बघते. खिळ्यावर काकणं लटकत असली की परत जाते, आणि जेवायची हाक मागच्या दारातून मारते.